सामन्याआधीचे भाकीत : कबड्डीच्या प्रेक्षकासाठी एक अभ्यास

आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धेची तारीख सूचनाफलकावर लागली की आपल्या महाविद्यालयात एकाच वेळी दोन संघ तयार होतात. पहिला संघ मैदानावर सराव करतो. दुसरा संघ कट्ट्यावर, एस. टी. स्टँडवर आणि चहाच्या टपरीवर बसून पहिल्या संघाचे भवितव्य ठरवतो. या दुसऱ्या संघात खेळाडूंची संख्या अमर्याद असते, राखीव गडी कोणीच नसतो आणि बाद होण्याची भीती तर कोणालाच नसते. "यंदा आपला संघ भारी शे!" असे एकाने म्हणायचे, "कसला भारी? मागच्या वर्षी काय झाले विसरलास का?" असे दुसऱ्याने म्हणायचे, आणि घंटा होईपर्यंत हे चालू ठेवायचे, असा आपला रिवाज आहे.

प्रस्तुत लेख या दुसऱ्या संघासाठी आहे. मी स्वतः कबड्डीपटू नाही. मैदानाकडेला वही घेऊन बसणारा आणि गुण टिपून ठेवणारा एक साधा प्रेक्षक आहे. परंतु साहित्याचा अभ्यास करताना ज्याप्रमाणे 'आवडले' आणि 'चांगले आहे' या दोन विधानांतला फरक आपल्याला शिकवला जातो, त्याचप्रमाणे 'आपला संघ' आणि 'समर्थ संघ' यांतला फरकही शिकता येण्याजोगा आहे, असे मला वाटते. ही पारख कशी करावी आणि ती कशासाठी करावी, या दोन प्रश्नांचा येथे विचार केला आहे.

हा छंद काही आपल्यापुरताच नाही. अमेरिकेतील विद्यापीठांचा फुटबॉल १८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्या सामन्याने सुरू झाला. आज तिकडे गटातल्या एखाद्या सामन्याआधी आठवडाभर विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि वर्तमानपत्रे आपल्या संघाची चिरफाड करीत असतात. कोल्हापुरात पेठापेठांतल्या तालमींच्या फुटबॉल संघांवरून घराघरांत वाद होतात. आपल्या खानदेशात ती जागा कबड्डीने घेतली आहे. गिरणाकाठच्या गावांत दोन ओंडके आणि चार रेघा एवढ्या भांडवलावर सुरू होणारा दुसरा खेळ नाही.

थोडी पार्श्वभूमी

जुन्या पिढीतले लोक या खेळाला अजूनही हुतूतू म्हणतात. त्याला नियमांची चौकट देण्याचे काम महाराष्ट्रातच प्रथम झाले. १९१८ साली साताऱ्यात नियम बांधण्याचा प्रयत्न झाला, १९२३ साली बडोद्याला हिंद विजय जिमखान्याने ते पुढे नेले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके तेथे करून दाखवली. १९५० साली अखिल भारतीय संघटना झाली आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला. महाराष्ट्रात शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा जन्मदिवस, १५ जुलै, हा कबड्डी दिन म्हणून साजरा होतो.

या इतिहासातली एक गोष्ट आपल्या विषयाला थेट लागू पडते. पूर्वी खेळाचे तीन प्रकार होते : संजीवनी, गामिनी आणि अमर. गामिनीत बाद झालेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. अमरमध्ये बाद झालेलाही मैदानात राही, फक्त गुण लिहिला जाई. संजीवनीत मात्र प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक जिवंत होतो. आजची अधिकृत कबड्डी संजीवनी पद्धतीची आहे. म्हणजे या खेळात प्रत्येक गडी टिपण्याला दोन बाजू असतात : एक गुण मिळतो आणि एक माणूसही परत मिळतो. पारख करणारा प्रेक्षक हे विसरला की त्याचा सगळा हिशेब चुकतो.

चढाईचा जमाखर्च

आपल्याकडे संघाची कीर्ती बहुधा एका चढाईपटूवर उभी असते. त्याने एका चढाईत तिघांना बाद केले की ती गोष्ट वर्षभर सांगितली जाते. तो किती वेळा पकडला गेला हे मात्र कोणी सांगत नाही. पिकाचे उत्पन्न सांगायचे आणि खत-फवारणीचा खर्च लपवायचा, असा हा प्रकार झाला.

समजा, एका चढाईपटूने वीस चढायांत आठ गुण आणले आणि तो सहा वेळा पकडला गेला. दुसऱ्याने वीस चढायांत सहाच गुण आणले, पण तो दोनदाच पकडला गेला. कट्ट्यावर पहिल्याचे नाव होते. वहीत मात्र पहिल्याची शिल्लक दोन आणि दुसऱ्याची चार निघते. एवढ्यावर हिशेब संपत नाही. पहिला गडी सहा वेळा बाहेर बसला. प्रत्येक वेळी दोन मिनिटे धरली तरी चाळीस मिनिटांच्या सामन्यात बारा मिनिटे आपण त्याच्याविना खेळलो. शिवाय तो पकडला गेला त्या वेळी प्रतिपक्षाचा गडी बाहेर असेल, तर तो परत आत आला.

तेव्हा पहिला नियम असा : गुणांतून पकडी वजा केल्याशिवाय चढाईपटूचे नाव घेऊ नये.

मात्र रिकाम्या चढाईची चेष्टाही करू नये. निदान रेषा ओलांडून सुखरूप परतणे ही पुष्कळदा शहाणपणाची गोष्ट असते. चढाईला तीस सेकंद मिळतात. दोन्ही संघांनी तो सगळा वेळ घेतला, तर प्रत्येकाच्या वाट्याला सामन्यात सुमारे चाळीस चढाया येतात. पाच गुणांची आघाडी असताना शेवटच्या चार मिनिटांत रिकाम्या हाताने परतणारा गडी भित्रा नसतो, तो घड्याळाकडून काम करून घेत असतो. जेथे लागोपाठच्या दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीत गुण आणण्याची सक्ती असते, तेथे ती तिसरी चढाई कोण करतो हे पाहावे. संघ कोणावर भरवसा ठेवतो याचे ते खरे उत्तर असते.

सात, पाच आणि तीन

संघ मजबूत की दुबळा, हा प्रश्न अर्धवट आहे. किती गडी आत असताना मजबूत, असे विचारले पाहिजे. कारण गड्यांची संख्या बदलली की खेळच बदलतो.

सात किंवा सहा गडी मैदानात असतील तर चढाईपटूला बोनस रेषेचा लाभ मिळतो. या बोनसने गुण मिळतो, पण बाहेरचा गडी जिवंत होत नाही. जो संघ केवळ बोनसवर जगतो, त्याचा गुणफलक फुगतो आणि मैदान ओस पडते. पाच किंवा चार गडी राहिले की बोनसही नाही आणि अव्वल पकडीचा जादा गुणही नाही. येथे निव्वळ कौशल्याची परीक्षा होते. तीन किंवा त्याहून कमी गडी राहिले तर पकडीला एक जादा गुण मिळतो. म्हणजे तिघांच्या संघाला एका पकडीत दोन गुण आणि एक जिवंत गडी मिळतो. संकटात सापडलेल्या संघाला नियमाने दिलेली ही काठी आहे.

चांगले संघ तीन गडी उरल्यावर घाबरत नाहीत. ते चढाईपटूला आत येऊ देतात, कोपऱ्यातला गडी घोट्यासाठी टपून असतो आणि उरलेले दोघे त्याच्यावर नजर ठेवून असतात. दुबळा संघ या वेळी मागच्या रेषेला चिकटतो आणि एकेक करून बाद होतो. मग लोण चढतो. सात गडी बाद केल्याचे सात आणि लोणाचे दोन, असे नऊ गुण एका लोणाच्या मागे असतात. सामना बहुधा येथेच फिरतो. म्हणून सरावाच्या सामन्यात आपला संघ सातचा असताना कसा खेळतो हे पाहून उठून जाऊ नये. तिघांवर आल्यावर कसा खेळतो ते पाहण्यासाठी थांबावे.

पकड एकट्याची नसते

क्षेत्ररक्षणाबद्दल बोलताना आपण 'अमक्याने पकड केली' असे म्हणतो. भाषेच्या सोयीसाठी ते ठीक आहे, पण मैदानावर पकड एकट्याची क्वचितच असते. कोपऱ्यातल्या गड्याने घोटा धरला, तरी ताकदवान चढाईपटू त्याला घेऊन मध्यरेषेपर्यंत सरपटत जातो. त्याच क्षणी शेजारचा गडी कमरेवर आला नाही, तर मिळायचा गुण उलट प्रतिपक्षाला जातो.

म्हणून मी वहीत पकडीपुढे दोन नावे लिहितो : कोणी धरले आणि कोणी पूर्ण केले. असे चार सामने लिहिले की एक गोष्ट स्पष्ट होते. काही जोड्या एकमेकांकडे न पाहता हालतात, आणि काही गडी एकटेच उडी घेतात. एकटा उडी घेणारा गडी प्रेक्षकांना फार आवडतो, कारण त्याची उडी दिसते. शेजारी थांबून वाट अडवणारा गडी दिसत नाही. गाडीचा बैल दिसतो, आस दिसत नाही, आणि गाडी मात्र आसावर चालते.

मैदान, हंगाम आणि राखीव गडी

आपला सराव काळ्या मातीच्या मैदानावर होतो. वरच्या स्पर्धा मॅटवर होऊ लागल्या आहेत. मातीवर अनवाणी खेळलेल्या पायाला मॅटवर बूट घालून थांबणे आणि वळणे नव्याने शिकावे लागते. मातीवर पाय थोडा घसरतो आणि त्या घसरण्याचा आपल्या गड्यांना सराव असतो. मॅटवर पाय घट्ट बसतो, त्यामुळे वेग वाढतो, पण अचानक वळताना गुडघ्यावर ताणही येतो. प्रतिस्पर्धी महाविद्यालयाकडे मॅट असेल आणि आपल्याकडे नसेल, तर हा फरक भाकितात धरलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट हंगामाची. स्पर्धेचे दिवस आणि कापूस वेचणीचे दिवस आपल्याकडे एकमेकांच्या अंगावर येतात. कजगाव, कोळगाव, गिरड या बाजूंनी येणारा खेळाडू सकाळी शेतात, दुपारी तासाला आणि संध्याकाळी मैदानावर असतो. शेवटची एस. टी. गाठायची म्हणून तो सरावातून अर्धा तास आधी निघतो. त्याची कामगिरी सामन्याच्या उत्तरार्धात उतरते, तेव्हा कट्ट्यावरून 'दम नाही' असा निकाल दिला जातो. दम असतो, पण तो दिवसभरात खर्च झालेला असतो. संघाची पारख करताना कोण किती दिवस सरावाला आला आणि का येऊ शकला नाही, हे दोन्ही प्रश्न विचारावेत.

येथून राखीव गड्यांचा प्रश्न निघतो. सात जण मैदानात असतात, पाच राखीव असतात. ज्या संघाचा आठवा आणि नववा गडी विश्वासाचा, तो संघ एका दिवसात दोन सामने खेळू शकतो. विभागीय स्पर्धेत ती वेळ येतेच. तेथून आंतरविभागीय स्पर्धा, मग विद्यापीठाचा संघ आणि पुढे पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा, अशी ही चढण आहे. १९९० पूर्वी आपली महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झाले, २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. विद्यापीठाच्या संघात जाण्यासाठी आता जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या मुलांशीच स्पर्धा करावी लागते. संधी जवळ आली आहे, तेव्हा पारखही काटेकोर झाली पाहिजे.

मोठ्या भाकितांची गत

केवळ नावावर भाकीत केले की काय होते, याची उदाहरणे थोरामोठ्यांच्या खेळातही आहेत. १९९० ते २०१४ या काळात भारताच्या पुरुष संघाने आशियाई स्पर्धेत ओळीने सात सुवर्णपदके मिळवली. त्यामुळे २०१८ साली जाकार्ताला जाताना सुवर्णपदक जवळजवळ खिशातच आहे असे मानले गेले. तेथे साखळीत दक्षिण कोरियाने भारताला २४-२३ असे हरवले आणि उपान्त्य फेरीत इराणने २७-१८ असे. वास्तविक इशारा आधीच मिळाला होता. २०१६ साली अहमदाबादच्या विश्वचषकात पहिल्याच सामन्यात कोरियाने भारताला ३४-३२ असे हरवले होते, आणि अंतिम सामन्यात मध्यंतराला इराण आघाडीवर होता. भारताने तो सामना ३८-२९ असा जिंकला. विजय लक्षात राहिला, मध्यंतराचा गुणफलक विसरला गेला. परदेशी खेळाडू २०१४ पासून प्रो कबड्डीत आपल्याच खेळाडूंबरोबर खेळत होते, आपल्या चढाया आणि पकडी जवळून पाहत होते, हेही भाकीत करणाऱ्यांनी फारसे मोजले नाही.

महिलांच्या अंतिम सामन्यात २०१८ साली इराणने भारताला २७-२४ असे हरवले. त्या इराणी संघाच्या प्रशिक्षिका होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली एक मराठी बाई परक्या देशात, परक्या भाषेत मुलींना खेळ शिकवते आणि तो संघ भारताला हरवतो, ही घटना कबड्डीच्या प्रत्येक प्रेक्षकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. ज्ञान कोणाच्या मालकीचे नसते. जो मन लावून शिकतो, त्याच्याकडे ते जाते.

२०२२ च्या आशियाई स्पर्धा २०२३ साली हांगचौला झाल्या. तेथे भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्ण परत मिळवले. महिलांनी चिनी तैपेईला २६-२५ असे आणि पुरुषांनी इराणला ३३-२९ असे हरवून. पुरुषांचा तो अंतिम सामना अखेरच्या क्षणी राखीव क्षेत्राच्या नियमावरून बराच वेळ थांबला होता. पंचांनाही एकमत करायला वेळ लागावा असा नियम असू शकतो. मग कडेला उभ्या असलेल्या आपण शिट्टी वाजताच पंचांच्या नावाने ओरडण्यापूर्वी नियमपुस्तिका एकदा वाचायला काय हरकत आहे?

ही पारख कशासाठी?

आता दुसरा प्रश्न. भाकीत बरोबर आले म्हणून कोणी आपल्याला पदक देत नाही. मग एवढी उठाठेव कशाला?

माझे उत्तर असे की, आपले बोलणे मैदानापर्यंत पोहोचते. खेळाडू आपल्याच वर्गात बसतात, त्याच टपरीवर चहा पितात. एखाद्याचा गुडघा सुजलेला असतो. 'तो नसेल तर आपण हरलोच' असे आपण चार दिवस बोलत राहतो. मग तो दुखणे लपवतो, पट्टी बांधून उतरतो, आणि एका वळणावर गुडघा कायमचा जातो. सामना वर्षभराने पुन्हा येतो, गुडघा येत नाही. शेतावर राबणाऱ्या घरातल्या मुलाला तर तो गुडघा कबड्डीपेक्षा कितीतरी अधिक कामासाठी हवा असतो. 'तो नसला तर डावीकडून कोण चढाई करील?' असे आपण विचारले असते, तर राखीव गड्याला धीर आला असता आणि दुखावलेल्याला विश्रांती मिळाली असती. प्रश्न नीट विचारणे ही सुद्धा एक मदत आहे.

दुसरी गोष्ट गावकीची. 'आपल्या गावचा', 'आपल्या गल्लीचा' म्हणून एखाद्याची वाहवा आणि दुसऱ्याची हुर्यो करणे आपल्याकडे सहज घडते. क्वचित त्यापेक्षाही अधिक संकुचित नाती पुढे येतात. वहीत लिहिलेले आकडे गाव ओळखत नाहीत. पकड ज्याने केली त्याची, हा न्याय मैदानावर तरी चालला पाहिजे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वर वर्णिलेला आपला 'दुसरा संघ' मुलींच्या कबड्डीबद्दल काहीच बोलत नाही. मुलांचा सामना संपला की निम्मी गर्दी पांगते. मुलींच्या संघाचे भाकीत कोणी करीत नाही, चुका कोणी काढत नाही, चढायांचा हिशेब कोणी ठेवत नाही. वरवर पाहता ही सुटका वाटेल. वास्तविक ती उपेक्षा आहे. ज्याची परीक्षा होत नाही, तो विषय कोणी मनावर घेत नाही, हे आपण विद्यार्थ्यांना कोणी सांगायला नको. घरून परवानगी मिळवून, अंधार पडण्याआधी घरी पोहोचण्याची अट पाळून या मुली खेळतात. त्यांच्या खेळाला टाळ्यांबरोबर टीकाही मिळाली पाहिजे. कारण खरी टीका करायची तर आधी पूर्ण सामना पाहावा लागतो.

शेवटी एक व्यावहारिक सूचना करतो. येत्या स्पर्धेआधी प्रत्येक वर्गातल्या दोघातिघांनी मिळून एक वही करावी. चढाई, गुण, पकड, पकडीतली दोन नावे, आत असलेल्या गड्यांची संख्या आणि वेळ, एवढे सहा रकाने पुरे आहेत. मुलांच्या आणि मुलींच्या, दोन्ही सामन्यांसाठी ती वही चालवावी आणि सामना झाल्यावर कर्णधारांच्या हाती द्यावी. भाकीत चुकले तरी वही उपयोगी पडेल. भाकीत खरे ठरले तर त्याचे श्रेय मैदानावर घाम गाळणाऱ्यांना द्यावे. आणि सामना हरल्यावर, 'मी आधीच म्हणालो होतो' हे वाक्य कोणत्याही रकान्यात लिहू नये.